चित्रकथेतून संगीत नाटकाची ओळख

संगीत नाटक हा मराठी भाषेचा मोठा ठेवा होय, हे शिक्षकांस सांगावयास नको. तथापि नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एखाद्या वाडीवरच्या चौथीतील मुलास हा ठेवा पाहावयास मिळावा कोठे? नाट्यगृहे शहरांत आहेत व तेथेही संगीत नाटकाचा प्रयोग क्वचितच होतो. वर्गात भ्रमणध्वनीवर एखादे जुने नाट्यपद ऐकविले, तर प्रथम कुजबुज होते व मागाहून हसू उमटते. शब्द कळत नाहीत, गाणारा कोण हे कळत नाही, आणि एकच ओळ तो पुनःपुन्हा का घोळवितो हे तर मुळीच कळत नाही. मुले हसतात यात त्यांचा दोष नाही. कथेच्या मधूनच उचललेले पद हे अनोळखी पाहुण्यासारखे असते. त्याचे नावगाव ठाऊक नसता त्याचे स्वागत कोण करील?

पाश्चात्त्य देशांत ऑपेरा, म्हणजे मराठीत जिला संगीतिका म्हणतात ती, मुलांस दाखविण्यापूर्वी तिची गोष्ट चित्रांच्या पुस्तकातून सांगण्याची रीत आहे. मोझार्टची ‘जादूची बासरी’ ही संगीतिका 1791 साली व्हिएन्ना येथे रंगभूमीवर आली. राजपुत्र, पक्षी पकडणारा पिसाऱ्यातला गडी, रात्रीची राणी अशी तिची पात्रे असल्यामुळे ती चित्रांत सहज उतरते. विशेष म्हणजे तीत गाण्यांच्या मध्ये साधे बोलणेही आहे. म्हणजे ती आपल्या संगीत नाटकाच्या बरीच जवळची आहे. जर्मन संगीतकार हुम्परडिंक याच्या ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ या संगीतिकेची हकीकत शिक्षकांनी अवश्य ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्या बहिणीने घरच्या मुलांसाठी रचलेल्या छोट्या नाटुकल्यास त्याने काही चाली लावून दिल्या. त्या चार गाण्यांतूनच पुढे पूर्ण संगीतिका वाढली व 1893 साली वायमार येथे तिचा पहिला प्रयोग झाला. मोठ्या रंगमंचावरील वस्तूचे मूळ घराच्या ओसरीवर असू शकते, असा याचा अर्थ.

मराठवाड्यातील मुलास तर ही ओसरी शोधावयास दूर जावे लागत नाही. माहूरगडाच्या रेणुकेचा गोंधळ ज्या घरी होतो, त्या घरचे मूल रात्रभर जागून गाणे आणि गोष्ट एकत्र ऐकते. संबळ वाजते, तुणतुणे लागते, प्रथम देवतांना आवाहन होते आणि मग आख्यान सुरू होते. गोंधळी बोलता बोलता गाऊ लागतो व गाता गाता पुन्हा बोलू लागतो; साथीदार मध्येच खोचक प्रश्न विचारून कथा पुढे ढकलतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत वाघ्यामुरळी पाहिलेल्या मुलास खंडोबाची कथा गाण्यातूनच ठाऊक झालेली असते. एकनाथांचे भारूड सप्ताहात होते, तेव्हा सोंग घेतलेला मनुष्य गातो याचे कोणासही नवल वाटत नाही. तेव्हा पात्राने गावे ही कल्पना या मुलांना परकी नाही. त्यांना परके आहे ते नाट्यपदाचे संस्कृतप्रचुर शब्द व त्याचा विस्तार. देगलूर-बिलोलीकडे घरी तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. या ठिकाणी चित्र उपयोगी पडते. कारण चित्राचा अर्थ लावण्यास शब्दकोश लागत नाही.

चित्र आणि गाणे यांची सांगड महाराष्ट्रात नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंत चित्रकथी सादर करतात. एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावून त्यांची पोथी केलेली असते. दोन चित्रे पाठीस पाठ चिकटवून एक पान होते. कथेकरी पान प्रेक्षकांसमोर उभे धरतो आणि वाद्यांच्या साथीवर त्या प्रसंगाची कथा गातो; प्रसंग संपला म्हणजे पान बदलतो. याच कुळातील कित्येक जुनी चित्रे ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली जातात व त्यांपैकी अनेक पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेच्या सेवेबद्दल 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. ज्यास आज शिक्षणशास्त्रात ‘मोठे पुस्तक’ म्हणून नवे साधन समजतात, ते या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेले आहे.

चित्रकथ्याकडून शिक्षकाने मुख्यतः एक गोष्ट घ्यावयाची आहे. ती अशी की, पद चालू असेपर्यंत पान उलटू नये.

हा नियम वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु संगीत नाटकाचे सारे मर्म त्यात आहे. नाटकात संवाद चालू असतो तेव्हा कथेतील काळ पुढे जातो. कोणी येतो, कोणी जातो, निरोप मिळतो, बेत ठरतो. पद सुरू झाले की तो काळ थांबतो. पात्राच्या मनात त्या क्षणी जे दाटले आहे, ते ओळीओळीने उलगडते व पद संपल्यावर काळ पुन्हा चालू लागतो. ऑपेरातही कथा पुढे नेणारे गायन वेगळे व मनातील भाव विस्ताराने मांडणारे गायन वेगळे असते. ही गोष्ट व्याख्येने सांगितल्यास सातवीच्या मुलासही कळणार नाही. परंतु गुरुजी भराभर चार पाने उलटतात, गोष्ट धावते, आणि पाचव्या पानावर त्यांचा हात थांबतो व ते गाऊ लागतात, हे पाहिल्यावर दुसरीच्या मुलासही ती आपोआप उमगते. पुढच्या खेपेस हात थांबला की वर्ग गाण्याची वाट पाहू लागतो. एकच ओळ पुनःपुन्हा का येते, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही. चित्रही त्या वेळी तेथेच असते व मुले त्यात नवेनवे काही शोधीत असतात.

पहिल्या पुस्तकासाठी ‘संगीत सौभद्र’ घ्यावे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग करून मराठी संगीत नाटकाचे नवे पर्व सुरू केले, त्यानंतर दोन वर्षांनी, 1882 मध्ये ‘सौभद्र’ आले. शाकुंतलाची कथा करुण आहे व शापाचा भाग लहान मुलांस जड जातो. सौभद्राची कथा मात्र त्यांच्या खोडकर वृत्तीस मानवणारी आहे. बलरामाने बहीण सुभद्रा दुर्योधनास देण्याचे ठरविले आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे आणि कृष्णाला तेच हवे आहे. पण वडील भावासमोर तो उघड काही बोलत नाही. तीर्थयात्रेस निघालेला अर्जुन संन्याशाचा वेष घेतो. बलराम त्या संन्याशाच्या भजनी लागतो आणि आपल्या बहिणीस आपणच त्याच्या सेवेस ठेवतो! ज्याला दूर ठेवावयाचे त्यालाच घरात आणून बसविले, ही गंमत मुलांस फार रुचते. घटोत्कच सुभद्रेस उचलून नेतो तो प्रसंग तर चित्रासाठीच जन्मलेला आहे.

या कथेत चित्रकारापुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. लहान मूल चित्रातील व्यक्ती चेहऱ्यावरून ओळखीत नाही. ते रंगावरून व एखाद्या खुणेवरून ओळखते. म्हणून प्रत्येक पात्राचे वस्त्र सर्व पानांवर एकाच रंगाचे ठेवावे, असा साधा नियम आहे. मग अर्जुनाने भगवी वस्त्रे घेतली की मुलांचा अर्जुन हरवणार! येथे भगव्या वस्त्राखालून धनुष्याचे टोक किंचित बाहेर दिसेल असे काढावे, आणि बलराम दुसरीकडे पाहत असलेला दाखवावा. धनुष्य मुलांना दिसते, बलरामाला दिसत नाही. वर्गात कोणीतरी ओरडून बलरामास सावध करू पाहतो व बाकीचे त्याला गप्प करतात. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, या नाट्यातील मोठ्या युक्तीचा पाठ त्या धनुष्याच्या टोकाने होऊन जातो. त्यावर शिक्षकाने वेगळे भाष्य करण्याचे कारण नाही.

पाने बारांहून अधिक नसावीत. त्यांतील आठ-नऊ कथेची व तीन-चार पदाची. कथेच्या पानावर खाली दोन-तीन लहान वाक्ये असावीत व ती गावच्या बोलीला लागून असली तरी चालतील. पदाच्या पानावर शब्द मुळीच लिहू नयेत. तेथे एकच आकृती मोठी काढावी, भोवती मोकळी जागा ठेवावी. गाणाऱ्याचे तोंड उघडे दाखविण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो टाळावा. तोंड उघडे काढले की मूल त्याकडेच पाहते. डोळे आणि हात यांनीच भाव दाखवावा. सुभद्रा खिन्न आहे हे तिच्या निखळून पडलेल्या गजऱ्यावरूनही कळेल.

साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची कोरी बाजू उत्तम. दोन कागद खळीने पाठीस पाठ चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवावेत. ते सुरकुतत नाहीत व एका पानाच्या दोन्ही बाजू वापरता येतात. गेरू, हळद, नीळ आणि काजळी यांत डिंकाचे पाणी घातले की चार रंग तयार झाले. बाह्यरेषा काजळीने जाड काढावी, म्हणजे शेवटच्या रांगेतील मुलास दिसते. दाभणाने भोके पाडून वरच्या बाजूस सुतळीने शिवावे. आकृत्या शिक्षकाने फिकट आखून द्याव्यात व रंग मुलांनी भरावेत. ज्या मुलाने घटोत्कचाच्या मिशा रंगविल्या, तो मुलगा पुस्तक कोणास फाडू देत नाही, हा अनुभव नवा नाही.

आता गाण्याविषयी. “मला गाता येत नाही” ही शिक्षकांची सबब पुष्कळदा ऐकू येते. ती मान्य करण्याचे कारण नाही. किर्लोस्करांनी आपल्या पदांसाठी रागदारीच्या जोडीला साकी, दिंडी, ओवी, कीर्तनातील व स्त्रियांच्या गाण्यांतील चाली घेतल्या होत्या. म्हणजे त्या काळच्या सामान्य माणसाच्या तोंडी असलेले गाणेच त्यांनी रंगभूमीवर नेले. दिंडीच्या चरणात 19 मात्रा असतात व नऊ मात्रांनंतर क्षणभर थांबावयाचे असते. साकीच्या चरणात 28 मात्रा, सोळांनंतर विराम. हे व्याकरणाच्या पुस्तकात वृत्तांच्या प्रकरणात निर्जीव पडून राहिलेले आकडे टाळीवर आणून पाहावेत. नऊ आणि दहा, नऊ आणि दहा अशा टाळ्या वर्गाने दोनदा वाजविल्या की दिंडीची चाल शिक्षकाच्या गळ्यातून आपसूक निघते. तेही न साधल्यास मारुतीच्या देवळातील भजनी मंडळाचा पेटीवाला शनिवारी सकाळच्या शाळेत तासभर यावयास सहसा नकार देत नाही. त्याला अभंगाच्या चाली येतात, तेवढे पुरे आहे.

ध्वनिमुद्रिका ऐकवावयाच्या त्या शेवटी. प्रथम शिक्षकाच्या तोंडून, ओबडधोबड का होईना, पद झाले पाहिजे. मग मोठ्या गवयाचे ऐकवावे. हा क्रम उलटा केला, तर मुले दोहोंची तुलना करतात आणि शिक्षक पुन्हा तोंड उघडीत नाही. बालगंधर्वांची (नारायण श्रीपाद राजहंस, 1888–1967) जुनी ध्वनिमुद्रणे वर्गासाठी विशेष सोयीची आहेत. त्या वेळच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे, त्यामुळे पदाचा विस्तार आवरता घ्यावा लागे. लहान मुलाची एकाग्रताही साधारण तेवढीच टिकते. बालगंधर्व हे पुरुष असून सुभद्रेची भूमिका करीत, हे सांगितल्यावर वर्गात हसू होईल ते होऊ द्यावे. मागाहून गोंधळातील किंवा भारुडातील स्त्रीवेषाची आठवण कोणीतरी स्वतःच काढतो.

सौभद्राचे पुस्तक तिसरी ते पाचवीस योग्य. सहावीच्या पुढील वर्गांसाठी दुसरे एक पुस्तक करावे, आणि ते करताना अधिक विचार करावा. ते गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’चे. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात देव नाहीत, राजे नाहीत. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशासाठी आपली कोवळी मुलगी शारदा भुजंगनाथ या म्हाताऱ्या श्रीमंतास देऊ निघतो. कोदंड नावाचा तरुण त्यास विरोध करतो आणि वधूवरांचे गोत्र एकच असल्याचे उघडकीस येऊन लग्न मोडते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत उन्हाळ्याच्या सुटीनंतर सातवी-आठवीच्या हजेरीपटावरील एखादी मुलगी शाळेत परत येत नाही, तेव्हा तिचे काय झाले हे गावात सर्वांस ठाऊक असते. शारदेची कथा अशा वर्गात सव्वाशे वर्षांपूर्वीची राहत नाही.

येथे एका समजुतीचा खुलासा करणे इष्ट आहे. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेल्याने तो या नाटकावरून आला असे पुष्कळजण समजतात. ते तसे नाही; अजमेरचे हरविलास सारडा यांनी तो विधिमंडळात मांडला, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडले. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. आज 2006 चा कायदा सर्वांस लागू आहे व त्याप्रमाणे मुलीचे वय 18 व मुलाचे 21 पूर्ण झाल्याविना विवाह करणे गुन्हा आहे. ही माहिती पुस्तकाच्या पानांत घालू नये. गोष्ट ऐकताना मुलाला आपल्यास उपदेश होत आहे असा वास आला, की चित्र व गाणे दोन्ही वाया जातात. कायदा नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवावा.

शारदा निराश होऊन जीव द्यावयास निघते, हा नाटकातील प्रसंग चित्रित करू नये. नाटक मोठ्यांसाठी लिहिलेले आहे. शिक्षकाने त्यातून वर्गापुरते निवडावे. लग्न मोडते व शारदा सुटते, एवढ्याने कथा पूर्ण होते.

या पुस्तकातील पदाचे एक पान रिकामे, म्हणजे केवळ चित्राचे ठेवावे: शारदा घरात एकटी उभी आहे, बाहेर लग्नाची बोलणी चालली आहेत. येथे शिक्षकाने नाटकातील पद न गाता मुलींना विचारावे की, शारदा आता काय म्हणत असेल? ते ओवीत बसवून दाखवा. ओवीची चाल घरोघरच्या आजीला येते. जाते गेले तरी ओवी गेलेली नाही. मुली आजीला विचारून येतील आणि दुसऱ्या दिवशी पाच-सात ओव्या जमतील. मुलांनाही हेच काम द्यावे. त्यांनी कोदंडाच्या तोंडी दिंडी रचावी. मात्रा चुकल्या तर त्या टाळीवर मोजून दुरुस्त कराव्यात, भाव दुरुस्त करू नये. तेलुगू किंवा गोरमाटी शब्द आला तर तो खोडू नये.

असे करताना एखादी मुलगी शारदेचे म्हणून जे गाईल ते तिचे स्वतःचेच असण्याचा संभव आहे. तिला वर्गात खोदून विचारू नये आणि त्या ओवीचे विशेष कौतुकही करू नये. बाईंनी, शाळेत बाई नसल्यास अंगणवाडी सेविकेमार्फत, सवडीने तिच्याशी व तिच्या आईशी बोलावे. बोलणी खरोखर चालली आहेत असे दिसल्यास मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांना विलंब न लावता कळवावे. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गात ठळक लिहिलेला असावाच. बाप कर्जात असेल, किंवा ऊसतोडीस जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी या चिंतेत असेल. कांचनभटासारखा प्रत्येक बाप लोभीच असतो असे नाही, हे शिक्षकाने स्वतःशी पक्के धरावे, म्हणजे त्या घराशी बोलताना त्याचा सूर चुकणार नाही.

ऊसतोडीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सूचना. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि मुलेही बरोबर जातात. त्यांपैकी जी हंगामी वसतिगृहात राहतील त्यांची सोय होते. जी जातील त्यांच्यासाठी मोठ्या पुस्तकाची एक लहान नक्कल करावी. वहीचे चार कागद मध्ये दुमडून शिवले की सोळा पानांची पुस्तिका होते. तीत कथेची चित्रे पेन्सिलीने उतरवून घेण्याचे काम जाणाऱ्या मुलाकडेच द्यावे, म्हणजे ती त्याला पाठ होते. पदांच्या पानांवर केवळ एक खूण करावी. चाल त्याच्या गळ्यात असते. फडावर संध्याकाळी पाच-दहा मुले जमतातच.

मोठे पुस्तक मात्र कपाटात कुलपाखाली ठेवू नये. ते वर्गात मुलांच्या हाती लागेल अशा उंचीवर खुंटीस टांगावे, व पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटे दूर राहील असे पाहावे. ओल आणि वाळवी खळीने चिकटविलेल्या कागदास फार लवकर लागते.